सौर पॅनेलची तडकलेली काच : डागडुजी कोठवर आणि बदल केव्हा?

शेतीच्या साधनांत काचेला पूर्वी स्थान नव्हते. नांगराचा फाळ बोथट झाला तर लोहाराने त्यास भट्टीत घालून धार द्यावी, गाडीचा आरा मोडला तर सुताराने नवा बसवावा, मोटेचे चामडे फाटले तर ते शिवून घ्यावे, अशी शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. मोडलेली वस्तू टाकून न देता ती नीट करून वापरणे हा काटकसरीच्या संसाराचा गुणच होय. सौर कृषिपंपाबरोबर मात्र काचेचे एक मोठे तावदान शेताच्या बांधावर येऊन उभे राहिले आहे, आणि ते तडकले म्हणजे शेतकरी जुन्या सवयीने हाच प्रश्न विचारतो की, ही काच बदलून मिळेल काय? प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मात्र फाळाच्या किंवा चाकाच्या उत्तरासारखे सोपे नाही, आणि ते चुकीचे दिले गेले तर एका हंगामाचे पीक आणि प्रसंगी एखाद्या माणसाचा जीव त्याची किंमत देतो.

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची स्थिती मोठी विलक्षण आहे. तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. शेजारी बोईसरची औद्योगिक वसाहत रात्रंदिवस विजेवर चालते. तथापि तेथून पूर्वेकडे विक्रमगड, जव्हार, मोखाड्याच्या डोंगराळ भागात गेले की विहिरीपर्यंत विजेचे खांब नेणे खर्चाचे व अडचणीचे ठरते. अशा पाड्यांवर सूर्याच्या उन्हावर चालणारा पंप हे खरोखरीचे वरदान आहे. राज्यात २०१८-१९ पासून मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजनेतून, २०१९ पासून केंद्र शासनाच्या ‘कुसुम’ योजनेतून आणि २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनेतून असे पंप दिले गेले आहेत. शेवटच्या योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के रक्कमच भरावयाची असते. बाकीचा भार शासन उचलते.

भाताची कापणी आटोपल्यावर ज्या कुटुंबाच्या शेतात पाणी नाही, ते कुटुंब दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्ट्यांची वाट धरते, ही या जिल्ह्यातील जुनी व्यथा आहे. विहिरीवर पंप आला म्हणजे त्याच जमिनीत वाल, मिरची, काकडी किंवा मोगरा उभा राहतो आणि कुटुंब घरी राहते. म्हणूनच पंपाचे एक पॅनेल फुटले आणि तो पौष-माघात महिनाभर बंद पडला तर नुकसान एका तावदानापुरते राहत नाही. ते त्या घराच्या वर्षाच्या घडीपर्यंत पोहोचते.

काचेखाली काय असते?

काच बदलता येईल की नाही हे समजण्यासाठी पॅनेलची घडण ठाऊक असली पाहिजे. वर सुमारे ३.२ मिलिमीटर जाडीची, खास तापवून कठीण केलेली काच असते. तिच्याखाली पारदर्शक चिकट द्रव्याचा थर, त्याखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या व त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, पुन्हा चिकट द्रव्याचा थर आणि सर्वांत खाली प्लास्टिकचा जाड पडदा अशी ही रचना आहे. कारखान्यात हे सर्व थर हवा काढून टाकलेल्या पेटीत सुमारे १५० अंश सेल्सिअस उष्णतेवर दाबून एकजीव केले जातात. एकदा एकजीव झालेला हा थर पुन्हा सुटा होत नाही. चकत्यांची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. काच उचकटू गेल्यास तिच्याबरोबर चकत्याही तुटून येतात. खिडकीच्या चौकटीतून तावदान काढून दुसरे बसवावे तसे हे काम नाही; भाकरी भाजल्यावर तिच्यातले पीठ वेगळे काढण्यासारखे ते आहे.

यास्तव बोईसर किंवा पालघरच्या बाजारात काच कापून देणारा कारागीर कितीही कुशल असला तरी तो पॅनेलची काच बदलू शकणार नाही. कठीण केलेली काच नंतर कापताच येत नाही. हिऱ्याची कणी लावली की ती चुरा होऊन पडते. काही ठिकाणी फुटक्या काचेवर साध्या खिडकीची दुसरी काच ठेवून कडा बंद करण्याची युक्ती केली जाते. साध्या काचेत लोहाचा अंश अधिक असतो; तिची कड डोळ्यांसमोर धरली असता हिरवट दिसते ती याच कारणाने. असा अंश थोडा तरी प्रकाश अडवितो. त्याहून मोठा दोष हा की, दोन काचांमध्ये राहिलेल्या पोकळीत दमटपणा साचतो, उष्णता कोंडते आणि आतील नुकसान दृष्टीआड वाढत जाते.

‘तडकले तरी चालते’ हा समज

काच तडकल्याच्या दिवशी पंप बहुधा पूर्वीसारखाच पाणी देतो. कठीण काच फुटली की तिचे खडीसाखरेसारखे असंख्य तुकडे होतात, पण खालच्या चिकट थरामुळे ते जागचे हलत नाहीत आणि प्रकाश आत जातच राहतो. उत्पन्न पहिल्या काही दिवसांत फारसे घटत नाही. त्यामुळे ‘चालते आहे तर चालू द्या’ असा सल्ला गावात सहज दिला जातो. या सल्ल्यामागे अनुभव आहे हे खरे. परंतु तो उन्हाळ्यातला अनुभव आहे.

पालघर जिल्ह्यात पाऊस सर्वसाधारणपणे २,००० मिलिमीटरहून अधिक पडतो. सातपाटी, केळवे, चिंचणी-तारापूर, डहाणू, घोलवड या पट्ट्यात हवेला वर्षभर खारटपणा असतो. भेगांतून पाणी आत उतरले की चिकट थरातून हळूहळू आम्ल सुटू लागते आणि धातूच्या बारीक रेषा काळ्या पडतात. काही भागांत वीज अडते व तो भाग तापतो. मागील पडदा करपतो. पाण्याच्या वाटेने वीज चौकटीत व लोखंडी खांबात उतरू शकते, ही यातील सर्वांत गंभीर गोष्ट होय.

याचे एक लक्षण ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे. पहाटे दव असताना किंवा पावसाच्या सरीनंतर पंप सुरू होत नाही, नियंत्रक दोष दाखवितो, आणि दुपारी ऊन तापले की सर्व काही आपोआप ठीक होते. शेतकरी म्हणतो, “सकाळी यंत्र आळसावते.” वस्तुतः तेव्हा ओल्या पॅनेलमधून वीज जमिनीकडे झिरपत असते आणि नियंत्रक आपले काम करून पंप थांबवीत असतो. असा दोष दिसला की फुटके पॅनेल शोधावे. नियंत्रकातील संरक्षण काढून पंप जबरदस्तीने चालविण्याचा मोह कोणी करू नये.

धोका किती मोठा आहे हे साध्या हिशेबाने कळते. ३३० वॉटची १५ पॅनेले एकामागोमाग जोडली तर ४,९५० वॉटची, म्हणजे ५ अश्वशक्तीच्या पंपास पुरेशी माळ होते. अशा प्रत्येक पॅनेलचा दाब ४५ व्होल्टच्या आसपास धरला तर माळेच्या टोकांवर ६७५ व्होल्ट येतात. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, हे येथे आठवावे. शिवाय पॅनेलला बंद करण्याचे बटन नाही. खटका पाडला तर पंप थांबतो. पॅनेलमधील दाब मात्र सूर्य आकाशात असेपर्यंत कायम राहतो. चालू प्रवाहात जोडणी ओढून काढली तर दोन टोकांत ठिणगीची ज्योत धरते आणि ती घरगुती विजेच्या ठिणगीप्रमाणे सहज विझत नाही.

डागडुजीला जागा आहे, पण मर्यादित

याचा अर्थ फुटक्या काचेवर काहीच करता येत नाही असा नव्हे. पाड्यावरील घरात दिव्यासाठी लावलेले १० ते ४० वॉटचे छोटे पॅनेल असेल, त्याचा दाब कमी असेल आणि चकत्यांना इजा झाली नसेल, तर भेगा बंद करून ते आणखी काही काळ वापरण्यात शहाणपण आहे. त्यासाठी पॅनेल सोडवून, पालथे न घालता, चार-पाच दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवावे. धूळ कोरड्या मऊ कापडाने हलकेच टिपून घ्यावी. मग उन्हात टिकणारा पारदर्शक लेप संपूर्ण पृष्ठभागावर पातळ व सारखा पसरावा. ज्या सिलिकॉन लेपाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो वापरू नये, कारण त्यातील आम्ल धातूस खाते. साधा इपॉक्सी लेप उन्हाने पिवळा पडतो व प्रकाश अडवितो. चिकटपट्टी एका पावसातच सुटते. चांगल्या लेपानेही पॅनेलला नवे आयुष्य मिळत नाही, थोडी मुदतवाढ मिळते, एवढे लक्षात ठेवून हे काम करावे.

पंपाच्या माळेतील पॅनेलला मात्र हा उपाय लागू करू नये. तेथे दाब मोठा, भोवती ओली जमीन, आणि पाणी धरण्यास अनवाणी उभा असलेला माणूस, असा योग असतो. लेपाखाली राहिलेला एक थेंबही तेथे पुरेसा आहे. फुटलेले पॅनेल माळेतून वगळणे व त्या जागी तशाच क्षमतेचे नवे बसविणे हाच पंपाच्या बाबतीत खरा इलाज होय. नवे येईपर्यंत उरलेल्या पॅनेलांवर पंप चालविणे काही वेळा शक्य असते. पाणी थोडे कमी मिळते, पण पीक तगते. परंतु नियंत्रकास लागणारा किमान दाब उरतो की नाही, हे तपासून ती जोडणी जाणकार तंत्रज्ञानेच करावी. काढलेले मोठे पॅनेल कुडाच्या किंवा गवती छपरावर नेऊन ठेवू नये. तापलेल्या भागामुळे तेथे आग लागण्याचा संभव असतो.

हमीविषयीचा गैरसमज

पॅनेलला २५ वर्षांची हमी आहे असे शेतकऱ्यास सांगितले जाते आणि तो निश्चिंत होतो. ही हमी बहुधा वीजनिर्मिती ठरलेल्या प्रमाणाहून अधिक घटू नये याबद्दलची असते. दगड लागून, फांदी पडून किंवा वाऱ्याने फुटलेली काच तीत येत नाही. शेतकऱ्याच्या उपयोगाची हमी वेगळी आहे : योजनेतील पंपास पुरवठादाराकडून पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते आणि त्याबरोबर विमाही असतो. कोणते नुकसान विम्यात येते हे करारपत्रात पाहावे, आणि पंप बसवितानाच ते शेतकऱ्यास वाचून दाखवावे. पुष्कळ घरांत ते कागद पेटीच्या तळाशी असतात आणि मुदत संपल्यावरच बाहेर येतात. २०१९-२० च्या सुमारास बसलेल्या पंपांची पाच वर्षे तर आता उलटली आहेत. त्यांच्या मालकांपुढे प्रत्येक फुटके पॅनेल हा स्वतःच्या खिशाचा प्रश्न झाला आहे.

येथे आणखी एक अडचण उभी राहते. काही वर्षांपूर्वी ३३० वॉटच्या आसपासची पॅनेले सर्रास बसविली जात; आता कारखाने ५०० वॉटहून मोठी पॅनेले काढतात. त्यांची लांबी-रुंदी वेगळी, विद्युतप्रवाह वेगळा. जुन्या माळेत नवे मोठे पॅनेल बसविले तर ते चौकटीत मावत नाही, आणि मावले तरी माळेचा प्रवाह जुन्या पॅनेलांच्या मर्यादेतच राहतो. एका फुटलेल्या पॅनेलसाठी सगळी माळ बदलण्याची पाळी येऊ नये यासाठी पुरवठादारांनी बसविलेल्या जातीची काही पॅनेले राखीव ठेवलीच पाहिजेत, आणि ही अट करारात असून ती पाळली जाते की नाही हे तपासले गेले पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी असा छोटा साठा असावा. कापसाचे बियाणे वेळेवर न मिळाल्यास जसा हंगाम जातो, तसाच पॅनेल वेळेवर न मिळाल्यास रब्बी हंगाम जातो, हे पुरवठ्याची व्यवस्था पाहणाऱ्यांनी विसरता कामा नये.

काच फुटू नये म्हणून

पॅनेलची काच नाजूक नाही. आंतरराष्ट्रीय कसोटीत २५ मिलिमीटर व्यासाची बर्फाची गोळी सेकंदाला २३ मीटर वेगाने तिच्यावर मारली जाते आणि तीत ती टिकावी लागते. तथापि गवत कापण्याच्या यंत्राने उडविलेला खडा, मुलांच्या गलोलीचा दगड, वरून पडलेला नारळ किंवा वाळकी फांदी यांच्यापुढे तिचे काही चालत नाही. पॅनेलभोवतीचे गवत यंत्राऐवजी विळ्याने कापावे. पॅनेलवर चढून धुऊ नये. भर दुपारी तापलेल्या काचेवर विहिरीचे गार पाणी ओतू नये. धुणे सकाळी लवकर, पंप बंद असताना, मऊ फडक्याने करावे, आणि भेग दिसत असेल तर मुळीच धुऊ नये.

भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची चाल या भागात आहे. पॅनेलजवळ राब भाजल्यास एका बाजूने बसलेल्या आचेने काच तडकू शकते आणि मागचा पडदा वितळू शकतो. राबाची जागा पॅनेलापासून दूर व वाऱ्याची दिशा पाहून ठरवावी. पेंढ्याच्या उडव्याही पॅनेलाखाली रचू नयेत. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने बोल्ट व पकडी गंजतात, पॅनेल सैल होऊन वाऱ्यात आपटू लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा सोसाट्याच्या वाऱ्याची ताकद जिल्ह्याने पाहिली आहे. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान-मोठे धक्के जाणवत आले आहेत. म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा पाया व बोल्ट तपासावेत. बोल्ट आवळताना अतिरेकही नको; पकड फार घट्ट झाली तर कडेपासूनच काच तडकते.

फुटलेल्या काचेचे तुकडे नीट पाहिले तर कारणही बहुधा सापडते. भेगा ज्या ठिकाणाहून पसरल्या तेथे खळगा असेल तर बाहेरचा आघात झाला असे समजावे. त्या चौकटीच्या पकडीजवळून निघाल्या असतील तर बसविण्यातला दोष संभवतो. हे कारण तक्रारीत नोंदविले तर पुरवठादार व विमा यांच्या वादात शेतकऱ्याची बाजू बळकट होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

काच फुटल्याची वार्ता कळताच कार्यकर्त्याने त्याच दिवशी जागेवर जावे. मुले व गुरे दूर ठेवण्यास सांगावे. नियंत्रकाचा खटका बंद करवावा. ओल्या पॅनेलास, चौकटीस वा खांबास कोणी हात लावू नये. पॅनेलचे छायाचित्र, त्यावरील अनुक्रमांक, तारीख व नुकसानीचे स्वरूप यांची नोंद करावी. वादळाने नुकसान झाले असल्यास पंचनामा आणि चोरी किंवा मोडतोड असल्यास पोलिसांत खबर द्यावी. पुरवठादार व महावितरण यांच्याकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक शेतकऱ्याच्या वहीत लिहून द्यावा. पुष्कळदा शेतकरी ‘आपल्याच हातून फुटले म्हणतील’ या भीतीने गोष्ट लपवितो व परस्पर लेप लावून मोकळा होतो. ही भीती घालविणे हे विस्तारकार्यातले मोठे काम आहे, कारण लपविलेली भेग पहिल्या पावसात दुप्पट किमतीने उघडी पडते.

निकामी पॅनेल ओढ्यात किंवा बांधाच्या कडेला टाकू नये. त्याच्या जोडकामात अल्प प्रमाणात शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत सौर पॅनेलांचाही समावेश आहे. ते पुरवठादाराकडे परत देऊन पोच घ्यावी.

यापुढील वाट गावानेही थोडी आपल्या बळावर चालली पाहिजे. देशात २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षणक्रम चालू आहे. दहा-पंधरा पंप असलेल्या प्रत्येक गावसमूहातून एक तरुण किंवा तरुणी असे शिक्षण घेऊन आली, तर माळेची तपासणी करण्यासाठी आठवडाभर कोणाची वाट पाहावी लागणार नाही. पाच वर्षांची मुदत संपलेल्या पंपधारकांनी एकत्र येऊन प्रत्येक रब्बी हंगामानंतर थोडी रक्कम सामाईक निधीत टाकावी व त्यातून दोन-चार जुळणारी पॅनेले गावातच राखून ठेवावीत. दूध संस्था किंवा भिशी चालविणाऱ्या गावास हे अवघड नाही.

काटकसर हा शेतकऱ्याचा जुना गुण आहे आणि तो टिकलाच पाहिजे. कोणती वस्तू सांधून वापरावी आणि कोणती वेळीच बदलावी हे ओळखणे हाही काटकसरीचाच भाग होय. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या क्षेत्रातील सर्व पंपांची एकवार पाहणी करावी, तडकलेल्या काचांची यादी करून ती तालुक्यास पाठवावी आणि तिचा पाठपुरावा सोडू नये. एवढे झाले तर भातानंतरही ती शेते हिरवी राहतील आणि त्यांचे मालक दिवाळीनंतर आपल्या घरीच असतील.